लाल बुचाची बाटली

कॉलेजकडून आलेल्या पत्राला तिने अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र फळीवर, इस्त्रीच्या जुन्या फडक्याखाली पडून होतं. शर्टाच्या कॉलरी दाबतानाही तिला ते शब्दन् शब्द आठवायचं. तुम्हाला कॉलेजात का यायचं आहे, हे तुमच्या अर्जात वाचलं. भाषा सुरेख आहे, पण त्यात तुम्ही स्वतः कुठे दिसत नाही. सोमवारपर्यंत आपल्या शब्दांत लिहून पाठवा, नाहीतर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल.

भाषा सुरेख असणारच, कारण ती मामांची होती. मामा जन्मभर कचेरीत खर्डेघाशी करून निवृत्त झालेले. घरात कुणाला काही लिहायचं असलं की पेन त्यांच्याच खिशातून निघायचं.

पत्र आलं त्या दिवशी दादाने ते भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचलं होतं. वडील गेल्यापासून लॉन्ड्री तोच चालवत होता. वाचून झाल्यावर त्याने छताकडे बघत मामांचा मजकूर घडाघडा म्हणून दाखवला, समाजाच्या सर्वांगीण उन्नतीच्या ध्यासापासून शेवटच्या नम्र विनंतीपर्यंत. काही वर्षांपूर्वी त्याच्या कॉलेजच्या अर्जालाही मामांनी हेच लिहून दिलं होतं. त्याला कुणी आपल्या शब्दांत लिहा म्हटलं नव्हतं. सरळ नकार आला होता. मामा ओशाळून एवढंच म्हणाले, की त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

तेव्हापासून दादा तिच्याशी धड बोलत नव्हता. बोललाच तर टोमणा. डिग्री गळ्यात अडकवून इस्त्री फिरवणार का, म्हणायचा. सारखी काही ना काही विचारते म्हणून घरात तिला ‘प्रश्नपत्रिका’ म्हणत. पूर्वी त्यात लाड असायचे, आता त्या शब्दाला नुसती धार उरली होती. आई मध्ये पडत नसे. ती पडली की दोघं मिळून तिच्यावरच घसरत.

शनिवारी दुपारी ठिणगी पडली. एका पांढऱ्या कोटाच्या खिशावर दोन डाग होते, एक गंजाचा आणि एक बॉलपेनचा. मागच्या खोलीत डाग काढायचं टेबल होतं, त्यावर लाल, निळ्या, पिवळ्या बुचांच्या बाटल्या. नाव एकीवरही नाही. कामगारांनी विद्या चोरून पळू नये म्हणून वडिलांनीच लेबलं खरवडून काढली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणायचे. बाटल्या भरून देणारा माणूससुद्धा बुचं बघून भरायचा.

दादाने लाल बुचाच्या बाटलीतले थेंब दोन्ही डागांवर टाकले. गंज गेला, शाई तशीच राहिली. तिने विचारलं, असं का?

“कामापुरतं बोल.”

“कामाचंच विचारतेय. आहे काय त्यात?”

“औषध.”

“तुला माहीत नाही,” ती म्हणाली. “बाबांनी तुला रंग सांगितले. नावं तुलाही नाही सांगितली.”

दादाने बूच घट्ट लावलं. दुकान चालतंय ना, असं त्याने विचारलं. चालतंय, ती म्हणाली.

“मग ऐक. कॉलेजात गेलीस तर या दुकानात पुन्हा जागा नाही. नापास होऊन आलीस तरी नाही. खेचर कुठली.”

तिने हात पुसले, फळीवरून कोरा कागद घेतला आणि त्याच्यासमोर, त्याच टेबलावर लिहायला बसली. इतके दिवस जे सुचत नव्हतं ते रागाच्या भरात सरळ उतरलं.

‘मला रसायनशास्त्र शिकायचं आहे. आमच्या लॉन्ड्रीत लाल बुचाची बाटली आहे. तिने गंज जातो, बॉलपेनची शाई जात नाही. का, ते माझ्या भावाला माहीत नाही, आणि विचारलं की तो मला गाढव म्हणतो. विचारल्यावर कुणी अंगावर येणार नाही अशा ठिकाणी मला बसायचं आहे. समाजाच्या उन्नतीचं मी अजून काही ठरवलेलं नाही.’

दादाने कागद हिसकावला. उभ्या उभ्या वाचला, मग पुन्हा वाचला.

“गाढव नाही म्हणालो. खेचर म्हणालो.”

“गाढव काल म्हणालास.”

“मग दोन्ही लिही.”

तिने कागद ओढून घेतला आणि ‘गाढव’च्या पुढे ‘आणि खेचर’ घातलं. मामा दारातून डोकावत होते. फार उद्धट झालंय, निदान वर ‘सविनय’ तरी घाल, अशी त्यांनी हळूच विनवणी केली. तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

“माझं ते खोड,” दादा म्हणाला. “माहीत नाही, ते.”

“माहीत आहे?”

तो बाटलीकडे बघत राहिला. बुचावरून अंगठा फिरवत राहिला. बाहेर कुणीतरी कपडे मागत होतं. तो गेला नाही.

“औषध आहे,” तो शेवटी म्हणाला.

तिने काही खोडलं नाही. कागदाची घडी केली, लिफाफ्यात घातली, पत्ता लिहिला आणि दुकानातून बाहेर पडली. मागून त्याचा आवाज आला, नकार आला की मला दाखवायला आणू नकोस. नाही आणणार, ती वळून न बघता म्हणाली.

कोपऱ्यावरच्या पेटीत तिने लिफाफा टाकला. तो फटीतच अडकला, तेव्हा बोटं आत घालून ढकलला. खाली पडल्याचा आवाज आला आणि मगच तिला आठवलं, खाली सही करायची राहिली. पण पाकिटाच्या मागे तिने सवयीने लॉन्ड्रीच्या नाव-पत्त्याचा शिक्का मारला होता.