बी-फ्लॅट की ई-फ्लॅट

तिरोड्यात आमच्या बँडमध्ये मी ढोल बडवतो, त्यामुळे सुरांतलं मला काही कळत नाही असं सगळे धरून चालतात. असो. आमचे बँडमास्तर जागेश्वर यांच्या घरात ट्रम्पेटवरून जे रामायण झालं, ते मात्र मी डोळ्यांनी पाहिलं.

मास्तरांची मुलगी रुची आठवीपासून वरातीत ट्रम्पेट वाजवते. नागपूरच्या एका वाद्यवृंदाला कन्सर्टोसाठी, म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीने एकट्याने वाजवायच्या तीन भागांच्या रचनेसाठी, एकच वादक निवडायचा होता, पंचविशीच्या आतला. रुचीला पंचवीस व्हायला महिना उरलेला. आता नाही तर कधीच नाही.

कन्सर्टो ई-फ्लॅट सुरातला. तिला इंग्रजी संगीत शिकवणाऱ्या सरांनी दिलेला लहान ट्रम्पेट त्याच सुराचा, वरच्या जागा त्यावर नीट लागायच्या. मास्तरांचा मोठा बी-फ्लॅट आवाजाला भरदार, पण शेवटाकडे तिचे ओठ दगा द्यायचे.

"लहान नेशीन तं लोक म्हणतीन, खेळणं आणलं," मास्तर म्हणाले.

"बाबा, तिथं परीक्षक आयकतेत."

"परीक्षक का आभाळातून पडले? वरातीत वाजवून पाहू."

आमच्या बँडचा कायदाच तो. नवी चीज आधी वरातीत वाजवायची. लोक नाचले तर ठेवायची, नाहीतर टाकायची.

भर दुपारची वरात होती. रुचीने मोठ्यावर कन्सर्टोचा शेवटचा भाग घेतला, मी ठेका धरला. वरचा सूर फाटला. नवरदेवाच्या मामाला वाटलं, हाच नाचायचा इशारा! त्याने उडी मारली आणि मागे अख्खी वरात सुटली. मग तोच भाग लहानावर. सूर असा स्वच्छ लागला की मामा एक हात वर धरून तसाच उभा राहिला. पानवाला चुना लावायचा विसरला. माझाही ठेका चुकला, खोटं कशाला बोलू.

"पायलं?" मास्तर विजयाने म्हणाले. "एक पाय नाही हालला. मोठाच नेजो."

मास्तरीणबाई, म्हणजे निर्मलाबाई, घरी तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "नागपूरले लोक नाचतीन का बसतीन?"

"खुर्च्या राहतेत, माय," रुची म्हणाली.

"मंग?"

मास्तरांनी मोठा ट्रम्पेट पेटीत ठेवला. "ने लहान," शेवटी कुरकुरले. "मांगून रडू नोको."

नागपूरला मी आणि मास्तर मागच्या रांगेत बसलो. रुचीने लहानावर पहिला भाग असा वाजवला की माझ्या अंगावर काटा आला. भाग संपला. सभागृहात एकही माणूस हलेना. तिथे तीनही भाग संपेपर्यंत टाळी वाजवत नाहीत, हे आम्हाला कोण सांगणार?

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. "टिकाराम, बुडाली रे पोरगी! कोणीच हालून नाही राहिलं!"

मी हात धरायच्या आत ते उठले, खुर्च्यांमधल्या वाटेत गेले आणि नाचू लागले. ना ढोल, ना बाजा. साठीचा माणूस, दोन्ही हात वर करून.

निवडीचं पत्र आठ दिवसांनी आलं, पण मला तिथेच कळलं होतं. परीक्षक बाईंनी चष्मा काढून विचारलं, "हे कोण?"

रुचीने डोळे पुसले. "माझे बाबा," ती म्हणाली. "तीस वर्षं लोकांना नाचवलं. स्वतः आज पहिल्यांदा नाचून राहिले."