न चाखलेली चटणी

अलकनंदाने मिक्सरचं झाकण उघडलं आणि नाक जवळजवळ भांड्यातच घातलं. कोथिंबीर, हिरवी मिरची, आमचूर, काळं मीठ. वासाला सगळे हजर होते. बोटाला लागलेलं हिरवं तिने मात्र घाईघाईने नळाखाली धुऊन टाकलं आणि भांडं लेकीपुढे सरकवलं.

“बघ गं, जमलीय का?”

सृष्टीने चमच्याच्या टोकाने चाखली. “मस्त आहे, आई. बिल्कुल तशीच.”

तिच्या ‘बिल्कुल’वर अलकनंदाचा काडीचा विश्वास नव्हता. आईबाप रामलड्डूच्या गाडीवर उभे असायचे तेव्हा ही बया पलीकडे मोमो खात असायची. तिला काय कळणार तशीच म्हणजे कशी? आणि ज्या घरात आमटीपासून ठेच्यापर्यंत सगळं एकाच हातचं खाल्लं, त्या घरातल्या पोरीला आईची चटणी मस्तच लागणार. पण दुसरी जीभ घरात नव्हती. म्हणजे होती, पण ती वापरायची बंदी होती.

आतल्या खोलीत सूर्यकांत भिंतीकडे तोंड करून पडले होते. न्यूमोनियाने त्यांना पार आयसीयूच्या दारात नेलं, आत ठेवलं, आणि कसंबसं परत फरीदाबादच्या या फ्लॅटमध्ये आणून सोडलं. माणूस आला, भूक तिकडेच राहिली. पेज नको, खिचडी नको, दूधभात नको. “सगळ्याची माती लागते,” एवढंच म्हणायचे. मनगटातलं घड्याळ हात उचलला की कोपरापर्यंत घसरायचं. सोमवारपर्यंत तोंडाने काही गेलं नाही, तर पुन्हा नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर फोनवर बोलले होते. नळीचं नाव काढलं की सूर्यकांतांचे डोळे भरून यायचे. जन्मात कधी रडले नव्हते ते.

त्यांनी आपणहून मागितली ती एकच गोष्ट. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात होतो तेव्हा कोपऱ्यावरच्या गाडीवर खायचो, ती रामलड्डूवरची चटणी. रामलड्डू म्हणजे मूगडाळीची गोल भजी, वर किसलेला मुळा आणि त्यावर ओतलेली ती जळजळीत हिरवी चटणी. भजी संपली तरी सूर्यकांत द्रोण पुढे करायचे, “भैया, थोडी चटनी और,” आणि उरलेली सरळ पिऊन टाकायचे. लोक बघायचे. अलकनंदाला लाज वाटायची, आणि मग तीही द्रोण पुढे करायची.

सृष्टी मेट्रोने जाऊन आली होती. फुटपाथ मोकळा झालेला, गाडी नाही, तो भैया कुठे गेला हे कोणालाच ठाऊक नाही.

मग घरीच करायची. तो भैया मुळा किसायच्या आधी त्याचा पाला खुडून खालच्या डब्यात टाकायचा, हे अलकनंदाने कितीदा पाहिलं होतं. तो पाला चटणीतच जात असणार. तिने पाला घातला, आमचूर वाढवलं, मिरच्या वाढवल्या, जिरं कच्चं घातलं, मग भाजून घातलं. दर वेळी भज्याचा मऊ तुकडा चटणीत बुडवून त्यांच्या ओठांशी नेला. दर वेळी ते जिभेला लावायचे आणि तोंड फिरवायचे.

“ही नाही.”

“अहो, काय कमी आहे तेवढं तरी सांगा.”

“काय माहीत. ही नाही.”

आजही तेच झालं. वाटी घेऊन ती स्वयंपाकघरात परतली आणि ओट्याला धरून उभी राहिली. उद्या सोमवार. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण कोणावर?

आयसीयूत त्यांच्या उशाशी उभं राहून तिने पुटपुटत अंबाबाईला कबूल केलं होतं. ‘ह्यांना घरी आण. मी आयुष्यात पुन्हा रामलड्डू खाणार नाही.’ संध्याकाळी ऑक्सिजनचे आकडे आणखी खाली गेले. देवीला एवढं पुरलेलं दिसत नाही, असं तिला वाटलं. मग तिथेच तिने मीठही सोडलं. कायमचं. त्यानंतर ते सावरले, आणि ती अळणी भात गिळू लागली. सृष्टीला बीपीचं कारण सांगितलं. उपासाला चालतं म्हणून निदान सैंधव तरी घ्यावं, असं एकदा मनात आलं होतं. पण देवीशी कसली पळवाट काढायची? देवीने तिच्या बाजूने काही हातचं राखलं नव्हतं.

आणि आता चटणी चाखायची म्हणजे दोन्ही शब्द एकाच घासात मोडायचे. तिने मोडले आणि ह्यांना काही झालं तर? नाही मोडले आणि उद्या नळी आली तर?

सृष्टी खाली औषधं आणायला गेली होती. अलकनंदाने वाटीत बोट बुडवलं.

“रागवायचं तर माझ्यावर रागव,” ती म्हणाली आणि बोट तोंडात घातलं.

मीठ जिभेला झोंबलं. डोळ्यांतून पाणी आलं. मग मिरची, मग आंबट, आणि त्या सगळ्याच्या मागून, अगदी सावकाश, गोड.

गोड? ती चटणी तर कधीच गोड नव्हती. तिने ओट्याकडे पाहिलं. मिक्सरच्या शेजारी गुळाचा डबा उघडाच होता. सांगलीत आईने शिकवलेला हात तो. आमटीत, उसळीत, चटणीत, विचारल्याशिवाय चिमूटभर गूळ टाकून मोकळा व्हायचा. इतके दिवस तो टाकत होता आणि तिला पत्ता नव्हता. एकदा चाखली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

तिने गुळाचा डबा वरच्या फळीवर ढकलला. मिक्सरमध्ये पुन्हा सगळं वाटलं. पुन्हा चाखलं. मीठ वाढवून पुन्हा चाखलं. आता मोडायचं काही उरलंच नव्हतं.

सूर्यकांतांनी तुकडा जिभेवर घेतला. तोंड फिरवलं नाही. चावला. गिळला. मग तिच्याकडे पाहिलं.

“आज गूळ नाही.”

अलकनंदाच्या हातातली वाटी कलली. “तुम्हाला कळत होतं?”

“बाकी सगळी माती. गोड तेवढं कळायचं.”

“मग सांगायचं नाही का? अहो, जीव टांगणीला लागला होता माझा!”

“सांगितलं असतं, तर तू न चाखताच बरोबर केली असतीस.”

ते थांबून थांबून बोलत होते, दम लागत होता.

“माझ्या उशाशीच तर बोललीस. डोळे मिटले होते नंदा, कान नव्हते मिटले.”

“तुमच्यासाठीच केलं ना.”

“तू अळणी गिळायचं आणि मी बरं व्हायचं. तो घास कसा उतरायचा माझ्या घशाखाली?” त्यांनी बोटाने तिच्या हनुवटीवरचं हिरवं पुसलं. “जा. तुझंही ताट आण.”

ती उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिने स्वतःच्या भातावर मिठाची चिमूट धरली. निम्मं मीठ ओट्यावर सांडलं. भीती गेली नव्हती. ती जाणारही नव्हती.

“नंदा,” आतून आवाज आला, “लवकर आण गं. भूक लागलीय.”