दुपारी न लागणारा फोन

तार कधी खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, असं मी कारंज्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळ्यांना सुनावत फिरायचो. नोकरी लाइनमनची आणि स्वभाव तिरसट. पण चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात नथमलशेठ धान्यवाल्यांची तक्रार आली, तेव्हा चार दिवस मीही तारेलाच दोष देत बसलो.

शेठचे थोरले भाऊ प्रेमचंद नागपूरच्या दवाखान्यात होते. पोटाचं ऑपरेशन व्हायचं होतं. घरून रोज ट्रंक कॉल लावायचे. कधी बोलणं व्हायचं, कधी दवाखान्यातून मधेच फोन तुटायचा.

मी रिसीव्हरची दोरी बदलली, बॅटरी बदलली, खांबावरचे जोड घासले. शेठनी माझ्यासमोर कॉल लावला, तर आवाज खणखणीत.

"तुमी आले का नीट चालते, गेले का बिगडते," शेठ म्हणाले. जसा काही मी वैद्यच.

ऑपरेटर गोविंदसिंगने कॉलच्या जुन्या चिठ्ठ्या काढून दाखवल्या. तुटलेले सगळे कॉल दुपारचे. मला वाटलं, सापडलं! उन्हाने तार ढिली पडून कडुनिंबाला टेकत असणार. भर उन्हात चढून फांदी तोडली, हात खरचटून घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी कॉल पुन्हा तुटला.

मग शेठच्या घरी दुपारीच गेलो. प्रेमचंद ऑपरेशनच्या कागदावर सही करत नाहीत, घरातून हो आल्याशिवाय करणार नाही म्हणतात, अशी नागपूरहून तार आली होती. डॉक्टर तीनपर्यंत थांबणार होते. शेठ एसटीने निघाले होते, पण पोचायला संध्याकाळ होणार. घरात प्रेमचंदांची बायको राजमतीबाई आणि अंथरुणाला खिळलेली सासू, एवढ्याच.

राजमतीबाईंनी कॉल नोंदवला, तो दीड तासाने लागला. मी टेस्ट फोन तारेला जोडून ऐकत होतो.

"दवाखाना. पेशंटचं नाव?"

राजमतीबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"नाव सांगा, बाई!"

"आमचे हे... कारंज्याचे."

"अहो, इथे दोनशे पेशंट आहेत!" आणि फोन खाली.

तार ठणठणीत होती. दुपारी शेठ बाजारात असायचे, कॉल बाई लावायच्या, आणि बाई नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या. एवढाच बिघाड.

"काहून घेत नाही नाव, वयनी?" मी चिडूनच विचारलं.

"नाव घेतलं का मानसाचं आयुष्य कमी होते, माय सांगे," त्या म्हणाल्या. "अन् आता अशा टायमाले घेऊ काय? तुमीच सांगा."

माझीही बायको मला पोराचा बाप म्हणूनच हाक मारते.

गोविंदसिंगला सांगून पुन्हा अर्जंट कॉल लावला. या वेळी नाव मीच सांगितलं.

"तुम्ही त्यांचे कोण?"

मी दीडशहाणा. म्हणालो, "टेलिफोनवाला."

"ऑपरेशनचा पेशंट आहे. फक्त घरच्यांना देतो. घरचं कोणी असेल तर त्यांनी नाव सांगावं."

मी रिसीव्हर बाईंपुढे धरला. अडीच वाजून गेले होते. डोळे मिटून त्या म्हणाल्या, "प्रेमचंद. मी त्याइची बायको."

नर्स पेशंटला फोनपाशी आणेपर्यंत नुसती खरखर. मग एक थकलेला आवाज आला, "कोन?"

"मी. सही करा. मी हो म्हनते."

"नर्सबाई सांगून राह्यली, तुह्या बायकोनं नाव घेतलं म्हने. खरं?"

"घेतलं. कायले घ्याले लावलं मले?" बाई रडायलाच लागल्या.

"बावीस वर्सात मी कदी आयकलं नाही," प्रेमचंद म्हणाले. "एकडाव मले आयकू दे. मंग करतो सही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेस्ट फोन काढला आणि बाहेर ओट्यावर पाठ करून उभा राहिलो. तरी ऐकू आलंच. रडत रडत, गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात, त्या नाव घेत होत्या.