मालनी खबर

जाणीव म्हणे! निकालातल्या त्या शब्दाचाच उषाबाईला संताप यायचा. तिचा नवरा चिंधा, सुरतेजवळ कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर बारा तास पाळी करणारा, अहिराणीशिवाय दुसरं न बोलणारा माणूस. सदरा उलटा घातलाय याची ज्याला संध्याकाळपर्यंत जाणीव नसते, त्याला म्हणे पिशवीत चरस असल्याची जाणीव होती! ओळखीच्या एका ड्रायव्हरने "सुरत स्टेशनवर माझ्या मेव्हण्याला एवढ्या साड्या दे" म्हणून पिशवी हातात कोंबली आणि हा भोळा सांब निघाला. स्टेशनवर अमली पदार्थ खात्याच्या साहेबांनी धरलं. मेव्हणा कुठला यायला! दहा वर्षांची सजा झाली. त्यातली चार तुरुंगात गेली.

आता हायकोर्टात अपील लागलं होतं. अनुजा वकीलबाई म्हणाल्या, "उषाबाई, पिशवी त्यांच्याच हातात होती. आत काय आहे ते माहीत नव्हतं, हे आपणच पटवायचं, असा कायदा आहे. आणि त्यांनी तर जबाबात कबूल केलंय."

"काय कबूल करं? वाचीसन दखाडा."

वकीलबाईंनी गुजराती कागद वाचला. "साहेबांनी विचारलं, पिशवीत काय आहे? आरोपी म्हणाला, 'मालनी खबर छे.' म्हणजे मालाची माहिती आहे."

उषाबाईने कपाळावर हात मारला. "अवं ताई! 'माले खबर शे का?' आसं म्हनेल व्हई तो! माले म्हंजे मला! मला काय माहीत, आसं! भाजीत मीठ टाकलं का इचारा, तरी हेच म्हनस!"

साहेब पण काय शहाणा! 'माले'चा माल केला, 'शे'चं 'छे' केलं आणि 'का' गिळून ढेकरही दिला नाही. खाली चिंधाचा अंगठा घेतला, झालं काम.

अहमदाबादेत वकीलबाईंनी हेच मांडलं, तेव्हा न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना विचारलं, जबाब घेणाऱ्याला अहिराणी येते का? वकील कागद चाळत बसले. जाणिवेचा दुसरा पुरावा एकही नव्हता. चिंधाला माहीत नव्हतं हे कोर्टाला पटलं आणि तो सुटला.

तुरुंगाच्या दारात उषाबाई त्याच्यासाठी कपडे आणि भाकरी घेऊन उभी होती. तो बाहेर आला तशी तिने पिशवी पुढे केली. "धरा जरा, रिक्षा बलावस."

चिंधाने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आधी उघाडीसन दखाड."

उषाबाईने भर रस्त्यात पिशवी उघडली. लेंगा झटकून दाखवला, टॉवेल दाखवला, फडकं सोडून भाकरी दाखवली. त्याने सगळं नीट पाहिलं. तरी पिशवी काही हातात घेतली नाही.