खुर्चीखालचे ठोकळे

मुलगा सुतार होता. महिन्यातून एकदा यायचा, तो आईच्या खुर्चीपायी. तिला उठायला त्रास होतो म्हणून खुर्चीच्या पायांखाली आणखी चार ठोकळे ठोकायचा आणि चहा अर्धा टाकून गाडी गाठायचा. वर्षभरात खुर्ची इतकी उंच झाली, की आईचे पाय जमिनीला टेकेनात. लहान मुलीसारखे पाय लोंबकळत ती दिवसभर बसे आणि रेडिओवरच्या बातम्यांना "हो का?" म्हणून उत्तर देई.

या खेपेला त्याने ठोकळ्यांबरोबर वृद्धाश्रमाचा अर्जही आणला.

"परवा पलंगावरून उठायला तुला शेजाऱ्यांना हाका माराव्या लागल्या, आई. एकटी कशी राहशील?"

आईने अर्ज उलटा करून टेबलावर ठेवला. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या व्यायामशिक्षिका डबा परत द्यायला आल्या.

"हे सिंहासन कोणी केलं?"

"मीच. आईला वाकायला लागू नये म्हणून."

"अहो, म्हणूनच त्यांना उठता येत नाही! वापरले नाहीत तर मांड्यांचे स्नायू झिजतात. पलंगावरून उठायचं असो, की पडल्यावर जमिनीवरून, सगळ्याच्या मुळाशी उठाबशीच असते."

"उठाबशा?" आई हसली. "शाळेत बडबड केली म्हणून पुष्कळ काढल्यात!"

"मग सोपंच आहे. या खाली."

त्यांनी मागे साधी खुर्ची ठेवली. आईने टेबल धरलं. टाचा टेकलेल्या, कंबर मागे, गुडघे पावलांच्या रेषेत. मुलगा मोजू लागला. "एक... दोन..." मांड्या थरथरल्या, पण तिसऱ्यांदाही ती उठली!

"आई, अगं, ठोकळे नकोत असं कधी बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर तू आला असतास?"

मुलाने अर्ज फाडला आणि हातोडी उचलली.

"एकेक थर काढा," शिक्षिका म्हणाल्या. "आठवड्याला एक."

"येईन मी. दर आठवड्याला."

तो गेल्यावर घर पुन्हा रिकामं झालं. आई टेबल धरून उठली, खिडकीशी गेली आणि तो कोपऱ्यावर वळेपर्यंत उभी राहिली.

मंडळी, प्रेमापोटी आपण आपल्या म्हाताऱ्या माणसांना बसवून ठेवतो. उठबस केली तरच त्यांच्या पायांत बळ राहतं, आणि ती मोजायला समोर कोणीतरी लागतं. तेवढं तरी आपण व्हावं!