टर्बोला कान लागतो

आमची गाडी दारात येऊन थांबली तरी दोन मिनिटं कोणी उतरायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. नियम दत्तात्रेयांचा, म्हणजे आमच्या यजमानांचा. टर्बो मिनिटाला लाखभर फेरे घेतो, इंजिन एकदम बंद केलं तर त्याला तेल मिळत नाही आणि बेअरिंग जळतं, म्हणून आधी इंजिन जागेवर चालू ठेवून त्याला शांत होऊ द्यायचं. ते ठीक आहे, पण तेवढ्यात आपण उतरलो तर काय बिघडतं, असं मी एकदा विचारलं होतं. "मशीन चालू असताना ऑपरेटरला एकटं सोडून जायचं नसतं," असं उत्तर मिळालं. आमच्या ऋचाचे सासू-सासरे पहिल्यांदा बडोद्याला आले, तेव्हा तेही मे महिन्याच्या दुपारी अकोट्यातल्या आमच्या फाटकासमोर दोन मिनिटं मुकाट बसून होते. काचा बंद, कारण त्या एकदा खाली गेल्या की हाताने ओढल्याशिवाय वर येत नाहीत.

गाडी दोन हजार तीनची, परदेशी कंपनीची, डिझेल, गडद हिरवी. घेतली तेव्हा सोसायटीतली माणसं बॉनेट उघडून बघायला यायची. आता नऊ वर्षांनी बॉनेट उघडलेलं दिसलं की तीच माणसं दुसऱ्या जिन्याने जातात, कारण यांनी पकडलं तर अर्धा तास जातो. टर्बोकडून येणारा रबरी पाइप दर दीड-दोन वर्षांनी फाटतो. धुराचा कसलासा व्हॉल्व्ह काजळीने चोंदतो आणि यांनी तो रॉकेलमध्ये बुडवून माझ्या जुन्या टूथब्रशने घासला की पुन्हा चालतो. ब्रश जुना होता की नाही, हे ते ठरवतात. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा चार वर्षांपासून पेटलेला आहे आणि त्याचं काही मनावर घ्यायचं नाही.

"बाबा, विका ना आता ती," ऋचा पुण्याहून दर फोनवर म्हणायची. गेल्या दिवाळीत ती आली असताना यांनी तिला समोर बसवून उत्तर दिलं. हे कोयलीच्या रिफायनरीत एकतीस वर्षं कंप्रेसरवर होते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून बेअरिंग कधी जाणार ते सांगायचे, आणि ते तेव्हाच जायचं. तिथे श्रीपतराव म्हणून यांच्याहून वडील ऑपरेटर होते. त्यांना आवाजातला फरक कळेनासा झाला, तेव्हा यांनी स्वतः त्यांना मशीनवरून उठवून टेबलाच्या कामावर बसवलं. यांना काम शिकवलं होतं ते श्रीपतरावांनीच.

"मशीन ऐकू येणाऱ्याच्या हातात असावं," हे ऋचाला म्हणाले. "या गाडीच्या टर्बोची शिट्टी मी रोज ऐकतो. नऊ वर्षांत तिचा सूर हलला नाही. ज्या दिवशी मला ती ऐकू येणार नाही, त्या दिवशी मी चावी खाली ठेवीन. श्रीपतरावांना एक न्याय आणि मला दुसरा, असं करणार नाही."

ऋचाने विषय सोडला. मीही सोडला, कारण हा माणूस बोललेलं करतो. आणि खरं सांगायचं तर गाडी गेली की या माणसाचं काय होईल, याची मला धास्ती वाटत होती. रिटायर झाल्यावर त्यांना सकाळी उठायला दुसरं काही कारण उरलेलं नव्हतं.

माझं माहेर बडोद्यातच, वाडी भागातलं. मी लहानपणापासून गाणं शिकले आणि तीस वर्षं पुढच्या खोलीत मुलांना शिकवते आहे. गावात माझे लहानमोठे कार्यक्रमही झाले. त्यातल्या एकालाही हे आले नाहीत. आधी शिफ्ट असायची, नंतर "मला त्यातलं काय कळतं" असायचं. मी मारुती चालवायची, चांगली सराईत चालवायची, पण ही गाडी आल्यावर यांनी मला तिच्या चाकामागे एकदाही बसू दिलं नाही. "टर्बोला कान लागतो," म्हणाले. हे मला! गाणाऱ्या बाईला! त्या वाक्यावरून मी आठवडाभर भाजीत हिंग घातला नव्हता, आणि त्यांना ते कळलंही नाही.

तसे ते माझं फारसं ऐकत नाहीतच. "मीठ बेताचं आहे का?" विचारलं तर "उद्या जाऊ" म्हणतात. टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारच्यांना वेगळा लावावा लागत नाही. पण नवरा ऐकत नाही ही काय बातमी आहे? मी तो स्वभाव समजत होते.

गेल्या श्रावणात माझा आवाज बसला. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि स्वरतंतूंना सूज आहे म्हणाले. पंधरा दिवस संपूर्ण मौन. बोलायचं नाही, कुजबुजायचं नाही. "आणि बेन, गुणगुणायचं तर बिलकुल नाही," त्यांनी बजावलं. गाणाऱ्या माणसांची ही खोड त्यांना ठाऊक असावी. मला ती आहेच. पंखा असो, मिक्सर असो, एका सुरात काही वाजत असलं की माझा गळा आपोआप त्याला जाऊन मिळतो. मला पत्ताही नसतो.

मी एक वही आणि पेन्सिल गळ्यात अडकवली आणि ओठ मिटून घेतले.

तिसऱ्या दिवशी आम्ही दांडिया बाजारातून घरी येत होतो. अकोट्याच्या पुलाच्या चढावर यांनी नेहमीसारखा पाय दाबला. गाडीने नेहमीसारखी ओढ घेतली आणि पुढून ती बारीक शिट्टी चढत गेली. माझा गळा शिवशिवला, पण मी ओठ घट्ट दाबून धरले. आणि यांचा चेहरा एकदम उतरला.

"गेला," ते म्हणाले. "टर्बो गेला. शिट्टी नाही."

मी वहीत लिहिलं, "वाजतेय की!" त्यांनी गाडी घरी आणून, दोन मिनिटं थांबून, मग ते वाचलं.

"तुला काय कळतंय त्यातलं," म्हणाले.

मौनव्रत नसतं तर त्या दिवशी आमच्या सोसायटीने माझा वरचा षड्ज ऐकला असता.

दुसऱ्या दिवशी आम्ही नंदूकडे गेलो. वाडीच्या तोंडाशी त्याचं गॅरेज आहे, आणि या गाडीला हात लावू दिलेला यांच्याशिवाय तो एकटाच माणूस. त्याने पाइप सोडवला, आत बोटं घालून टर्बोचा दांडा हलवून पाहिला आणि त्यावरचं चाक फिरवून पाहिलं.

"काका, टर्बो तद्दन बराबर आहे. जरापण प्ले नाही, दांडा ढिला नाही. खोटा खर्चो करू नका."

"आवाज कुठे आहे मग?"

"पण ओढते तर आहे ने गाडी?"

"आवाज आधी जातो नंदू, ओढ मागाहून जाते. एकतीस वर्षं हेच पाहिलंय."

शेवटी नंदू स्वतः चालवायला बसला. हे त्याच्या शेजारी, डॅशबोर्डला जवळजवळ कान लावून, आणि मी मागे. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर नंदूने पाय दाबला. शिट्टी अशी स्वच्छ चढली की मला तळहातावर पेन्सिल रोवावी लागली.

"काय मस्त वाजे छे!" नंदू म्हणाला.

हे मान हलवत राहिले. "नाही. काही नाही."

नंदूने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "काकी, आज तुम्ही गप्प आहात तर गाडी सुनी सुनी लागते," तो म्हणाला. "दर वेळी तुम्ही गाडीच्या जोडे गाता ने, त्या शिट्टीच्या सुरात. मी तर घरी पण सांगितलंय, आमच्या काकी टर्बोच्या संगे गातात."

तो काही हळू बोलला नव्हता. हे त्याच्यापासून हातभर अंतरावर होते, डोळे मिटून ऐकत होते, आणि यातला एक शब्दही त्यांच्यापर्यंत पोचला नाही.

 मीठ, टीव्ही, "उद्या जाऊ", सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं. कंप्रेसरच्या त्या गोंगाटात कानात बोळे घातले तर मशीन कसं ऐकू येईल, म्हणून हे कधी बोळे घालत नसत. बारीक, उंच आवाज त्यांच्या कानातून केव्हाच गेले होते, बहुधा गाडी घेतली त्याच्याही आधी. पाय दाबला की वर चढणारा, पाय उचलला की विरणारा जो सूर ते नऊ वर्षं ऐकत होते, तो टर्बोचा नव्हता. तो त्या शिट्टीच्या खालच्या सप्तकातून येणारा माझा होता.

पुढचे सहा दिवस मी वहीत लिहीत होते आणि फाडत होते. सांगितलं तर ते चावी खाली ठेवणार, हे दगडावरची रेघ. न सांगितलं तर? मौन संपलं की गुणगुणायचं, त्यांची शिट्टी परत येणार, सगळं पूर्वीसारखं. मला हेच करायचं होतं, यात लपवण्यासारखं काही नाही. ते तर रोज व्हरांड्यात गाडीकडे तोंड करून बसत होते आणि पेपरचं पान उलटत नव्हते.

पण मौनाच्या दहाव्या दिवशी पुलाच्या अलीकडे हे डावीकडे वळू लागले आणि मागून एक स्कूटरवाली बाई हॉर्नवर हॉर्न देत आली. मला ओरडता येईना. मी त्यांचा दंड धरून ओढला. गाडी थांबली, बाई आरशाला घासून पुढे गेली आणि वळून गुजरातीत आमचा उद्धार करून गेली. "हॉर्न तरी द्यावा माणसाने," हे म्हणाले. त्या रात्री मी वही कपाटात टाकली. आता हे लिहून सांगायचं नव्हतं.

सोळाव्या दिवशी डॉक्टरांनी घसा पाहिला आणि म्हणाले, "आजपासून थोडं थोडं. पहिलं गुणगुणण्यापासून चालू करा." परत येताना मी यांना म्हटलं, "पुलावर जरा दाबा." पंधरा दिवसांतलं माझं पहिलं वाक्य ते. ओठांकडे बघून त्यांना समजलं असावं.

चढ लागला. त्यांनी पाय दाबला, शिट्टी चढू लागली, आणि मी तिचा सूर धरला. आवाज अजून कच्चा होता, पण लागला.

"आली!" ते ओरडले. "आली बघ! मी म्हणत नव्हतो?" पासष्ट वर्षांच्या माणसाचा असा चेहरा मी ऋचाच्या जन्मानंतर पाहिला नव्हता. तेवढ्यावरच थांबावं, असं फार वाटलं.

मी थांबले. गाडी चढतच होती, त्यांचा पाय दाबलेलाच होता. त्यांच्या कपाळाला आठी पडली. मी पुन्हा सूर धरला. आठी गेली. मी पुन्हा थांबले.

काही झालं तरी माणूस मशीनवाला. एक भाग चालू-बंद करून दोष कुठे आहे ते शोधण्यात त्यांचा जन्म गेलेला. तिसऱ्या खेपेला त्यांनी रस्त्यावरून नजर काढून माझ्या गळ्याकडे पाहिलं. मग पूल उतरून त्यांनी गाडी कडेला घेतली.

इंजिन चालू होतं. दोन मिनिटं होती आमच्याकडे.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"सगळी नऊ," मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं. "मलाही माहीत नव्हतं. नंदू बोलला तेव्हा कळलं."

ते स्टिअरिंगवरून अंगठा फिरवत राहिले. "श्रीपतराव त्या दिवशी काही बोलले नाहीत," ते म्हणाले. "नुसता टॉर्च माझ्या हातात दिला आणि टेबलाकडे गेले. मला वाटलं होतं, त्यांना फार काही वाटलं नसेल."

 मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं झाली होती. त्यांनी इंजिन बंद केलं, चावी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"विकायची?" मी विचारलं. 

"विकायची कशाला?" ते म्हणाले. "मशीन ऐकू येणाऱ्याच्या हातात असावं. उतर आणि इकडे ये."

तर अशी मी साठाव्या वर्षी त्या गाडीच्या चाकामागे बसले. सीट पुढे घेण्याचा खटका मोडका निघाला. पाठीशी यांचा रुमाल घडी करून ठेवला आणि गाडी वळवून पुन्हा पुलावर घेतली, घर दुसऱ्या बाजूला होतं तरी. कानाच्या डॉक्टरांकडे उद्याच जायचं, हे मी आधी कबूल करून घेतलं होतं. चढावर मी पाय दाबला. शिट्टी माझ्या पायाखालून उठली, पहिल्यांदाच.

"वाजतेय?" त्यांनी विचारलं.

मी तोंडाने उत्तर दिलं नाही. सूर धरला. हे डॅशबोर्डकडे वाकले नाहीत. ते माझ्याकडे वळून बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

पुलाच्या माथ्यावर पोचेपर्यंत ते तसेच होते. मग म्हणाले, "नऊ वर्षं रोज ऐकतोय. एकदाही सूर हलला नाही."