चावी बंद, मॅग्नेटो जिवंत

"कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण सांगतो," असं म्हणत मिस्त्रीने हॉस्पिटलच्या बाकावर बैठक मारली. समोर विमानांच्या वर्कशॉपचे मालक उभे होते, शेजारी मिस्त्रीची लेक. आत ऑपरेशनच्या टेबलावर लेकीचा नवरा. त्याचा उजवा हात राहतो की जातो, हे अजून डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

मिस्त्री म्हणजे थापांचं कोठार. एकदा म्हणे त्याने उडत्या विमानाचा प्लग खिडकीतून हात घालून बदलला होता, आणि तोसुद्धा वैमानिकाची झोप न मोडता. ऐकणारे पोट धरून हसायचे. हसणारा माणूस चौकशी करत नाही, हे मिस्त्रीला चांगलं ठाऊक होतं.

"चावीच्या भोकात पाल शिरली," तो म्हणाला.

मालकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "पाल?"

"गाभण. मी चावी बंद केली आणि बाहेर उतरलो. बाईसाहेबांनी आत कूस बदलली आणि चावी फिरली की हो."

खरं काय झालं ते फक्त मिस्त्रीला माहीत होतं.

दोन माणसांचं ते छोटं विमान बरेच दिवस वर्कशॉपमध्ये रुसून बसलं होतं. अशा इंजिनाला ठिणगी पुरवायला दोन मॅग्नेटो असतात, डावा आणि उजवा. एकाने दगा दिला तर दुसरा तारून नेतो. चावी डाव्यावर ठेवली की इंजिन गोड चालायचं, उजव्यावर नेली की म्हाताऱ्यासारखं खोकायचं. खोट उजव्या बाजूला, एवढं मालकांच्या ड्रायव्हरलाही कळलं असतं. पण नेमकी कुठे? मिस्त्रीने प्लग पुसले, फुंकले, शिव्या दिल्या. खोकला जाईना.

शेवटी मालक सगळ्यांदेखत म्हणाले, "हा बिघाड जो काढेल, त्याच्या ताब्यात पहिल्या तारखेपासून वर्कशॉप. मिस्त्री आता थकले."

ते 'थकले' मिस्त्रीच्या जिव्हारी लागलं.

त्याच दुपारी जावयाने इंजिन उजव्या मॅग्नेटोवर चालवलं, बंद केलं आणि चारही सिलिंडरच्या धूर जायच्या नळ्यांवर पाण्याचे थेंब टाकले. तीन नळ्यांवर चुर्र झालं. चौथीवरून थेंब नुसतेच ओघळले.

"मामा, हा गार आहे. इथं ठिणगीच पोचत नाही," जावई म्हणाला.

"वा! जावईबापूंना पाणी शिंपडता येतं," मिस्त्री म्हणाला. "आता हळद-कुंकू वाहा, म्हणजे पूजा पुरी होईल."

जावई हसला. त्याला सासऱ्याचं बोलणं लागत नसे, आणि मिस्त्रीच्या पोटात दुखायचं ते याच गोष्टीने. जावयाने प्लग बदलला, तरी नळी गारच. मग त्या प्लगची वायर उलगडून पाहिली, तर आवरणाला आतून केसाएवढी भेग. ठिणगी तिथूनच पळ काढत होती. नवी वायर टाकली आणि इंजिन उजव्यावरही सुरेल गायला लागलं. मिस्त्रीची खुर्ची त्या सुरात वाहून गेली.

पण नवी वायर बसवताना जावयाच्या पान्ह्याचा धक्का मॅग्नेटोमागच्या एका बारीक तारेला लागला आणि तार सुटली. ती अर्थिंगची तार. मॅग्नेटो बॅटरीवर चालत नाही. विमानाचा पुढचा पंखा फिरला की तो स्वतःच ठिणगी पाडतो. चावी बंद करायची म्हणजे ती ठिणगी या तारेवाटे इंजिनाच्या अंगात जिरवायची. तार सुटली की चावी कितीही बंद करा, मॅग्नेटो जिवंतच. धक्का लागल्याचं जावयाला कळलं नव्हतं.

कळलं मिस्त्रीला. तो विमानात चावीपाशी बसला होता. इंजिन बंद करायला त्याने चावी फिरवली, तर इंजिन आपलं चालूच. क्षणभर तो त्या चावीकडे बघत राहिला. मग पेट्रोल तोडायची दांडी मागे ओढली. इंजिन जाता जाता जरासं वर चढलं आणि मेलं. मिस्त्रीने दांडी गुपचूप पुन्हा पुढे ढकलली.

बाहेर जावई पंख्यापाशी आला. आता पंखा हाताने सावकाश फिरवायचा आणि मॅग्नेटोतली स्प्रिंग सुटल्याची 'कट' ऐकायची, एवढंच राहिलं होतं.

त्या वर्कशॉपची एक रीत होती. पंख्याला हात लावणाऱ्याने विचारायचं, आत बसलेल्याने उत्तर द्यायचं. उत्तर आलं की कुणी पुन्हा तपासून बघत नसे. बघणं म्हणजे समोरच्याला तोंडावर खोटारडा म्हणणं, आणि समोर सासरा असला तर विचारायलाच नको.

"मामा, बंद?"

मिस्त्रीने चावीकडे पाहिलं. चावी बंदवरच होती. म्हटलं तर खोटं काहीच नव्हतं.

"बंद," तो म्हणाला.

जावयाने एक पातं ओढलं. दुसरं ओढलं. इंजिनाने घोटभर पेट्रोल आत घेतलं. तिसऱ्याला 'कट' झाली, आणि तिच्यामागोमाग जे झालं ते मिस्त्रीने काचेतून नीट पाहिलं. इंजिन पेटलं, पंख्याचा एकच फेरा. पंखा थांबला तेव्हा जावई गुडघ्यावर बसून आपल्या हाताकडे बघत होता, कुणी परक्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. धावपळीत मिस्त्रीने एकच काम शांतपणे केलं. चावी फिरवून चालूवर ठेवली.

"काय लावलंय मिस्त्री," मालक आता म्हणाले. "पाल बिल काही नाही. चावी चालूवर होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. तुमच्या जावयानेच ठेवली असणार."

मिस्त्रीने मान खाली घातली. याचसाठी तर पाल जन्माला घातली होती. मोठी थाप समोरच्याने आपल्या हाताने फाडली की खालची छोटी थाप त्याला स्वतःचीच अक्कल वाटते.

"पोरगा आत पडलाय," तो हळूच म्हणाला. "माझ्या तोंडून कशाला वदवता, मालक? म्हणून तर पालीवर ढकललं. धांदरट आहे जरा. नंतर आत डोकावला असेल, हात लागला असेल."

"असल्या माणसाच्या हातात मी वर्कशॉप देणार होतो," मालक म्हणाले. "तुम्हीच बघा आता पुढे, मिस्त्री."

"बघतो. न बघून कुणाला सांगू?" मिस्त्रीने उसासा सोडला. तो मनापासूनचा होता, आणि त्या सुखाच्या भरात त्याने नको तेवढी फोडणी दिली. "मी आपलं काम चोख केलं होतं. चावी फिरवली आणि इंजिन जागच्या जागी गप्प. दिव्याचं बटण दाबावं तसं."

इतका वेळ लेक ऑपरेशनच्या दाराकडे बघत होती. तिने मान वळवली.

"बाबा, मी वर्कशॉपमागच्या आपल्या अंगणात कपडे वाळत घालत होते. हे आवाज ऐकतच मोठी झालेय," ती म्हणाली. "इंजिन जागच्या जागी गप्प नाही झालं. आधी वर चढलं, मग मेलं. तुम्ही ते पेट्रोल तोडून बंद केलंत. चावीने ते बंद होत नव्हतं, आणि हे तुम्हाला त्यांनी 'बंद?' विचारायच्या आधीच माहीत होतं."